मुंबई ते टोकियो : अंतर तेच, मग जाता-येताना वेळेत एवढा फरक का?

पारिजात
नमस्कार मंडळी. माझे आईवडील या हिवाळ्यात पुण्याहून माझ्याकडे टोकियोला येणार आहेत. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे आणि वडिलांचे गुडघ्याचे दुखणे जुने आहे. त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्यांना एका जागी किती वेळ बसावे लागेल, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. अंतर सांगणारी संकेतस्थळे मुंबई ते नारिता (टोकियोचा विमानतळ) सुमारे ६,७८० किलोमीटर असे दाखवतात आणि त्याखाली प्रवासाच्या वेळेचा एकच आकडा देतात. थेट विमानांची जी वेळापत्रके मी पाहिली, त्यांत मात्र जाताना सव्वाआठ तासांच्या आसपास आणि येताना जवळजवळ दहा तास लागतात. अंतर तेच असताना पावणेदोन तासांचा फरक कुठून येतो? आणि थेट न जाता दिल्ली, बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे गेल्यास नेमके किती लांब पडते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

बोरिवलीकर
माझ्या मते याचे मुख्य कारण मुंबई विमानतळ आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत आणि येणाऱ्या विमानांना उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. विमान कंपन्या हे गृहीत धरून परतीच्या वेळात आधीच भर घालून ठेवतात.

कुतूहल
मला एक जुनी शंका आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे विमान हवेत असताना टोकियो आपल्यापासून आणखी दूर सरकते आणि परतताना मुंबई आपल्याकडे चालून येते. मग जाताना जास्त वेळ लागायला हवा आणि येताना कमी. प्रत्यक्षात नेमके उलटे का घडते?

भूगोलशिक्षक
कुतूहल, शाळेत हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच, आणि तो विचारणारा विद्यार्थी मला नेहमी आवडतो. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरत असते आणि विमान त्या वातावरणातच उडते. धावत्या डेक्कन क्वीनमध्ये जागच्या जागी उडी मारली तर आपण मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, तसेच हे आहे. त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याने टोकियो दूर जात नाही आणि मुंबईही जवळ येत नाही.

वेळेतला फरक वाऱ्यामुळे पडतो. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमाने जिथून उडतात तिथेच, मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा असतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात तो हिमालयाच्या दक्षिणेकडून चीनवरून जपानकडे जातो आणि जपानच्या आकाशात त्याचा वेग जगातल्या सर्वाधिक वेगांपैकी एक असतो. ताशी २०० ते ३०० किलोमीटर हा तिथला हिवाळ्यातला नेहमीचा आकडा आहे. टोकियोला जाणारे विमान या प्रवाहावर स्वार होते आणि परतणाऱ्याला त्याच्याशी झुंजावे लागते.

या प्रवाहाचा शोधही टोकियोच्या परिसरातलाच आहे. १९२०च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने टोकियोच्या ईशान्येला असलेल्या तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून वरच्या हवेतल्या वाऱ्यांचे वेग मोजले. त्याचा अहवाल १९२६ साली प्रसिद्ध झाला, परंतु तो एस्परांतो या मुद्दाम तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत होता, आणि जपानबाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ बाँबफेकी विमाने जपानवर उंचावरून येऊ लागली, तेव्हा त्या वैमानिकांना या वाऱ्याची ताकद समजली. जपानने तर याच वाऱ्यावर बाँब बांधलेले हजारो फुगे प्रशांत महासागरापलीकडे अमेरिकेच्या दिशेने सोडले होते.

आकाशमार्ग
मी एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. प्रत्येक उड्डाणाचा मार्ग, उंची आणि इंधन ठरवणे हेच आमचे काम असे, म्हणून थोडे हिशेबाने लिहितो.

मोठ्या विमानाचा हवेच्या तुलनेतला वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर धरू. जाताना संपूर्ण मार्गावर सरासरी १०० किलोमीटरचा अनुकूल वारा मिळाला, तर जमिनीच्या तुलनेत वेग १,००० होतो आणि ६,७८० किलोमीटर पावणेसात तासांत कापले जातात. तोच वारा परतताना समोरून आला, तर वेग ८०० वर येतो आणि तेवढ्याच अंतराला जवळजवळ साडेआठ तास लागतात. म्हणजे पावणेदोन तासांचा फरक नुसत्या वाऱ्याने पडला. चढण्या-उतरण्याचा वेळ, मार्गातली वळणे आणि धावपट्टीपर्यंतचे रांगणे हे दोन्ही बाजूंना थोड्याफार फरकाने सारखेच असते. ते धरले की पारिजात यांनी दिलेले आकडे जुळतात.

बोरिवलीकर यांचा मुद्दा खोटा नाही, पण तो मुख्य नाही. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो आणि गर्दीच्या विमानतळासाठी त्यात काही मिनिटांची भर असतेच. ती भर मुंबईतून निघतानाही असते, कारण तिथे उड्डाणासाठीही रांग लागते. शिवाय हाच फरक दिल्ली–टोकियो मार्गावरही दिसतो, आणि दिल्लीच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदत नाहीत.

बोरिवलीकर
दिल्लीची तुलना पटली. तरीही माझे म्हणणे मी पूर्णपणे सोडणार नाही. परतीचे विमान मुंबईच्या आकाशात वेळेवर येऊनही अर्धा तास वसई-पालघरवर फिरत राहिल्याचा अनुभव इथल्या अनेकांनी घेतला असेल. ज्येष्ठांना घ्यायला जाणाऱ्याने तो अर्धा तास मनात धरूनच घराबाहेर पडावे.

आकाशमार्ग
हे मात्र अगदी मान्य आहे. अशा घिरट्यांसाठी लागणारे इंधनही आम्ही आधीच भरून देत असू.

मुशाफिर
माझा प्रश्न अंतराविषयी आहे. ६,७८० किलोमीटर हे नेमके कुठल्या वाटेचे अंतर आहे? नकाशावर मुंबई आणि टोकियो सरळ रेषेने जोडले तर ती रेषा ओडिशा, म्यानमार आणि दक्षिण चीनवरून जाते. विमानातल्या पडद्यावरही साधारण तशीच वाट दिसते. म्हणजे विमान सर्वांत जवळच्या मार्गानेच जाते, असे म्हणायचे का?

भूगोलशिक्षक
नाही, आणि हे घरी पडताळून पाहण्यासारखे आहे. पृथ्वीगोल घ्या, एक दोरा मुंबईवर धरा आणि टोकियोपर्यंत ताणा. दोरा ओडिशाकडे जाणार नाही. तो मध्य भारतावरून बिहारच्या उत्तर टोकाला, तिथून नेपाळच्या आग्नेय कोपऱ्यावरून आणि भूतानमधून हिमालय ओलांडून तिबेटच्या पूर्व भागात शिरेल. वाटेचा मध्यबिंदू चीनच्या सिचुआन प्रांताच्या उत्तर भागात, सुमारे ३२ अंश उत्तर अक्षांशावर येतो. नकाशावरची सरळ रेषा त्याच रेखांशावर सुमारे ५ अंश दक्षिणेला असते. गोल पृष्ठभाग सपाट कागदावर पसरताना हा फरक पडतो. संकेतस्थळे जे अंतर देतात ते या ताणलेल्या दोऱ्याचे, म्हणजे महावृत्तावरचे असते. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन ते काढतात. पृथ्वीच्या केंद्राशी या दोन शहरांमध्ये सुमारे ६१ अंशांचा कोन होतो आणि एका अंशाला १११ किलोमीटर धरले की आकडा हाती येतो.

आकाशमार्ग
आणि या दोऱ्याच्या वाटेने प्रवासी विमान सहसा का जात नाही, ते सांगतो, कारण पडद्यावर मार्ग वाकडा दिसला की प्रवासी चिंतेत पडतात.

विमानाच्या आतल्या हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला झपाट्याने सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते, म्हणजे सर्वांना मुखवट्याशिवाय श्वास घेता येतो. प्रवाशांच्या डोक्यावरून जे मुखवटे खाली येतात, त्यांना अनेक विमानांत रासायनिक पद्धतीने प्राणवायू मिळतो आणि तो साधारण पाव तासच पुरतो. तिबेटचे पठारच सरासरी १४,००० फुटांच्या वर आहे आणि त्यावर डोंगर आहेत. तिथे तेवढ्या वेळात खाली यायला जागाच नाही. त्या मार्गासाठी जादा प्राणवायू आणि सुटकेच्या वाटा आधी आखून ठेवाव्या लागतात. म्हणून मुंबईहून निघालेले विमान बहुधा बंगाल, बांगलादेश आणि म्यानमारवरून कुनमिंगच्या बाजूने चीनमध्ये शिरते. पुढे चीनच्या आकाशाचा मोठा भाग लष्कराच्या अखत्यारीत असल्यामुळे ठरवून दिलेल्या मार्गिकांतूनच जावे लागते. तिथे उंचीदेखील फुटांऐवजी मीटरमध्ये सांगितली जाते. या सगळ्या वळणांमुळे प्रत्यक्ष कापलेले अंतर ७,००० किलोमीटरच्या पुढे जाते. कधीकधी आम्ही मुद्दाम लांबची वाट निवडत असू, कारण तिथे वारा अनुकूल असतो आणि जास्त किलोमीटर कापूनही इंधन कमी लागते. म्हणूनच नुसते अंतर वेगाने भागून काढलेल्या तासांवर कोणी विसंबू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

नंदिनी
मी मुलीकडे टोकियोला जाऊन आले आहे आणि वाऱ्याचे हे प्रकरण समोरच्या पडद्यावर डोळ्यांनी पाहिले आहे. जाताना शांघाय मागे पडल्यावर जमिनीच्या तुलनेतला वेग १,१०० च्या वर गेला होता. नातू शेजारी बसला होता, त्याने "आजी, आपलं विमान जिंकतंय" असे मोठ्याने जाहीर केले आणि आजूबाजूची माणसे हसली. परतताना त्याच भागात आकडा ७०० च्या आसपास रेंगाळत होता आणि उरलेला वेळ कमी होताच होत नव्हता. त्या टप्प्यात विमान बरेच हलले आणि पट्टे बांधून ठेवण्याची सूचना बराच वेळ सुरू होती. पारिजात, आईवडिलांना हे आधी सांगून ठेव. जपानजवळ हिवाळ्यात विमान हलणे हे या वाऱ्यामुळे असते, हे माहीत असले की माणूस घाबरत नाही.

सह्यकडा
उन्हाळ्यातही एवढाच फरक पडतो का?

भूगोलशिक्षक
पडत नाही. उन्हाळ्यात हा जेट प्रवाह उत्तरेकडे सरकतो आणि त्याचा जोरही कमी होतो, त्यामुळे जाण्या-येण्याच्या वेळेतली दरी कमी होते. पावसाळ्यात तर आपल्या द्वीपकल्पावर, साधारण १४ ते १६ किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वेगळाच जेट प्रवाह असतो. त्यावरचा महत्त्वाचा अभ्यास पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ साली मांडला. पुढे ते भारतीय हवामान खात्याचे महासंचालक झाले. ओइशींचे नाव घेताना आपल्याकडच्या या कामाचीही आठवण ठेवली पाहिजे.

मुशाफिर
इंधनाचा विषय निघालाच आहे, म्हणून एक जुनी गोष्ट. २००७ साली ऑल निप्पॉन एअरवेजने मुंबई–नारिता मार्गावर बोइंग ७३७ हे लहान विमान लावले होते. त्यात फक्त बिझनेस वर्गाची मोजकी आसने होती आणि इंधनाच्या जादा टाक्या बसवल्या होत्या. एरवी हे विमान पाच-सहा तासांच्या मार्गांवर दिसते. परतीच्या समोरच्या वाऱ्यासाठी लागणारे इंधन वाहायचे, तर प्रवासी कमी घ्यावे लागतात, असे मला त्या वेळी समजावून सांगण्यात आले होते.

आकाशमार्ग
बरोबर समजावले होते. विमानाचा पल्ला किलोमीटरमध्ये छापलेला असतो, परंतु आम्ही तो नेहमी त्या दिवशीचा वारा धरून मोजतो. आकाश बंद झाले की हा प्रश्न आणखी तीव्र होतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपले आकाश बंद केले. दिल्ली ते ताश्कंद हे महावृत्तावरचे अंतर जेमतेम १,६०० किलोमीटर आहे, पण पश्चिमेकडून वळसा घ्यायचा तर लहान विमानाचा पल्ला अपुरा पडतो. इंडिगोला ताश्कंद आणि अल्माटीची उड्डाणे त्या वेळी थांबवावी लागली. संकेतस्थळावरचे अंतर एका किलोमीटरनेही बदलले नव्हते.

एदोगावाकर
मी टोकियोच्या एदोगावा भागात राहतो, जिथे आपली बरीच मंडळी आहेत. चर्चा विमानापुरती चालली आहे, पण ज्येष्ठांचा प्रवास विमानातून उतरल्यावर संपत नाही. नारिता विमानतळ शहराच्या मध्यभागापासून साठ किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि जलद गाडीलाही तासभर लागतो. हानेदा विमानतळ शहरातच, खाडीच्या काठाला आहे. महावृत्ताने पाहिले तर मुंबईहून दोन्हींमधला फरक पन्नासएक किलोमीटरचा, म्हणजे विमानाला चार मिनिटांचा आहे. घरी पोचण्यात मात्र तासाभराचा फरक पडू शकतो.

दुसरे म्हणजे तिकिटावरच्या वेळा वाचताना साडेतीन तासांचा फरक धरायला विसरू नये, कारण जपान आपल्या पुढे आहे. समजा, विमान मुंबईहून रात्री ८ वाजता निघाले आणि टोकियोला सकाळी पावणेआठला पोचले, तर घड्याळांवरून पावणेबारा तास वाटतात, पण प्रवास सव्वाआठ तासांचाच असतो. परतताना सकाळी ११:२० ला निघून संध्याकाळी ५:५० ला मुंबईत उतरले, तर साडेसहा तास वाटतात आणि प्रत्यक्षात दहा तास बसावे लागते. नुसती घड्याळे पाहिली तर परतीचा प्रवास छोटा भासतो, म्हणून वडीलधाऱ्यांना औषधांच्या वेळा सांगताना प्रत्यक्ष तास मोजून सांगावेत.

पारिजात
सर्वांचे मनापासून आभार. औषधांच्या वेळांचा मुद्दा माझ्यासाठी फार मोलाचा आहे, कारण वडिलांच्या गोळ्या ठरावीक अंतरानेच घ्याव्या लागतात. आता थेट जावे की थांबत जावे, याविषयीही सांगाल का? डॉक्टरांनी "दर तासाला थोडे चाला" असे सांगितले आहे, म्हणून मध्ये थांबा असलेला बरा, असे आईचे मत आहे.

आकाशमार्ग
महावृत्ताच्या अंतराने मांडतो. दिल्लीमार्गे हानेदाला गेल्यास एकूण सुमारे ७,००० किलोमीटर होतात, म्हणजे थेट मार्गापेक्षा जेमतेम पावणेतीनशे जास्त. बँकॉकमार्गे नारिताला सुमारे ७,६८० होतात, म्हणजे नऊशे जास्त, आणि हे अंतर विमानाला तासाभराचे आहे. सिंगापूर खूपच दक्षिणेला असल्याने ते ९,२८० पर्यंत जाते, म्हणजे अडीच हजारांची भर पडते. ज्येष्ठांसाठी सिंगापूरमार्गे जाण्याची शिफारस मी करणार नाही, भाडे कमी असले तरीही.

दिल्लीमार्ग कागदावर सर्वांत जवळचा वाटतो, पण डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर दिल्लीत पहाटे दाट धुके पडते आणि वेळापत्रक कोलमडते. जोडविमान पहाटेचे किंवा सकाळचे असेल, तर मी त्या भानगडीत पडलो नसतो.

नंदिनी
थांब्याच्या बाबतीत माझे मत आईंपेक्षा वेगळे आहे. दुखऱ्या गुडघ्याला विमानात बसण्यापेक्षा अनोळखी विमानतळावरची लांबलचक चाल, सुरक्षा तपासणीची दुसरी रांग आणि मध्यरात्री बाकावर काढलेले तीन तास अधिक त्रासाचे होतात. चालायचे असेल तर विमानातही चालता येते. आसनांमधल्या वाटेकडेची जागा घ्यावी, दिवे मंद झाल्यावर स्वयंपाकघराच्या पडद्यापर्यंत फेरी मारावी आणि तिथे उभे राहून टाचा वर-खाली कराव्यात. विमान हलत असताना मात्र उठू नये. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवावी, आयत्या वेळी नाही.

सह्यकडा
नंदिनीताईंशी मी पूर्ण सहमत नाही. माझ्या सासऱ्यांना सलग नऊ तास बसणे अजिबात झेपत नाही. आम्ही त्यांना बँकॉकला एक रात्र मुक्काम करवून पुढे नेले. त्यात खर्च वाढला, पण दुसऱ्या दिवशी ते ताजेतवाने होते. तासन्‌तास बाकावर बसवणारा थांबा आणि रात्रीची झोप देणारा थांबा यांत फरक करायला हवा.

नंदिनी
रात्रीचा मुक्काम असेल तर माझीही हरकत नाही. माझा आक्षेप मधल्या तीन-चार तासांच्या थांब्याला आहे.

पारिजात
मग जाताना थेटच, कारण ते सव्वाआठ तास रात्रीचे आहेत आणि दोघांनाही प्रवासात झोप लागते. परतीचे दहा तास दिवसाचे आणि वाऱ्याविरुद्धचे आहेत, तेव्हा परतताना बँकॉकला एक मुक्काम ठेवावा का, याचा विचार करते आहे. त्याने काही वाचते का?

आकाशमार्ग
परतताना बँकॉक हा विचार चांगला आहे, आणि त्याला वाऱ्याचेही एक कारण आहे. टोकियोहून नैर्ऋत्येकडे निघालेले विमान जेट प्रवाहाच्या मुख्य पट्ट्यातून लवकर बाहेर पडते. जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिणेला गेल्यावर वारा मंदावत जातो. पहिला टप्पा सुमारे ४,६५० किलोमीटरचा आहे, त्याला हिवाळ्यात सात तासांच्या आसपास लागतात, आणि दुसऱ्या दिवशीचा बँकॉक–मुंबई टप्पा तीन हजार किलोमीटरचा, चार-साडेचार तासांचा आहे. हवेतला एकूण वेळ तास-दीड तासाने वाढेल, पण सलग बसणे दहावरून सातवर येईल. मात्र बँकॉकचा मुक्काम विमानतळाजवळच ठेवा, आणि थायलंडच्या प्रवेशाचे नियम तिकीट काढण्याच्या दिवशी पुन्हा तपासून घ्या, कारण ते बदलत असतात.

बोरिवलीकर
आणि पुण्याची गाडी सांगताना विमान उतरण्याच्या वेळेनंतर निदान दोन तासांनी सांगा. इमिग्रेशन, सामान आणि व्हीलचेअरची वाट पाहणे यांत तेवढा वेळ सहज जातो. विमान संध्याकाळचे असेल तर पनवेलपर्यंतची गर्दी आणि पुढे खंडाळ्याचा घाट धरून चार तास मोजावेत. घरच्यांनी रात्रीच्या जेवणासाठी त्यांची वाट पाहत ताटकळू नये, गाडीत खाता येईल असे काहीतरी बरोबर पाठवावे.